मुलांसाठी क्रमशः साहसकथा लिहायचीय? मग आधी एक वही घ्या

माझ्या पहिल्या मालिकेचा सहावा भाग छापून आला आणि आठवड्याभराने एका नऊ वर्षांच्या मुलीचं पत्र आलं, दोनच ओळींचं. तिसऱ्या भागात दोर पाण्यात वाहून गेला होता, मग आता तो त्यांच्याकडे परत कसा आला? बस, एवढंच. मी दोर विसरलो होतो, ती विसरली नव्हती. कारण भाग वाचायला तिला दहा मिनिटं लागत असतील पण पुढचा येईपर्यंत ती गोष्ट तिच्या डोक्यात आठवडाभर फिरत होती. दोर नाही तर आता हे पोहोचणार कसे, हे ती तीन आठवडे शोधत बसली होती आणि मी तिला उत्तरच दिलं नाही.

नव्याने लिहायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. क्रमशः गोष्ट म्हणजे लांब गोष्टीचे कापलेले तुकडे नव्हेत. दोन भागांच्या मधला जो वेळ असतो ना, ज्यात तुम्ही काहीच लिहिलेलं नसतं, तो पण गोष्टीचाच भाग असतो आणि तो मुलं स्वतः भरून काढतात. त्या वाट बघण्याची किंमत ठेवायची. खाली जे काही सांगतोय ते सगळं त्याच्यासाठीच आहे.

आधी हे ठरवा की एकच लांब गोष्ट की तीच पात्रं आणि दर वेळी नवी गोष्ट

दोन्हीला आपण मालिकाच म्हणतो पण काम अगदी वेगळं आहे. कॉनन डॉइलने १८९१ मधे स्ट्रँड मासिकात शेरलॉक होम्सच्या छोट्या गोष्टी सुरू केल्या तेव्हा त्याचा विचार असा होता की वाचकाचा एखादा अंक चुकला तर क्रमशः कादंबरीतून त्याचा रसच जातो, त्यापेक्षा नायक तोच ठेवावा आणि गोष्ट त्या-त्या अंकात पुरी करावी. अगदी व्यवहारी विचार आहे. तुमच्या वाचकांना सगळे भाग मिळतीलच याची खात्री नसेल तर तुम्हीही तेच करा. पण सलग साहसकथेत जीव जसा टांगणीला लागतो तसा सुट्या गोष्टीत लागत नाही, त्यामुळे मी इथे सलग गोष्टीबद्दलच बोलतोय.

पहिल्यांदाच लिहीत असाल तर आठ ते दहा भाग ठेवा. वीस-पंचवीस भागांची स्वप्नं सगळ्यांनाच पडतात पण मग मधेच पाणी घालायची वेळ येते आणि मुलांना ते लगेच कळतं. भागाची लांबी वयावर ठेवा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी सातशे-आठशे शब्द पुरे होतात, बारा-तेराच्या मुलांना दीड हजारही चालतात. एकदा जी लांबी ठरवाल ती शेवटपर्यंत साधारण तीच ठेवा, या आठवड्यात पाचशे आणि पुढच्या आठवड्यात दोन हजार असं करू नका.

जागा, हवंय काय आणि घड्याळ

साहसकथा म्हटलं की लोक आधी खलनायक शोधायला लागतात. मी म्हणेन आधी तीन गोष्टी शोधा. जागा कुठली, मुलाला नक्की काय हवंय, आणि वेळ कशाने संपत चाललाय.

उदाहरण म्हणून एक गोष्ट आपण शेवटपर्यंत धरून चालू. समुद्रात थोडं आत एका खडकावर बंद पडलेलं दीपगृह आहे, तिथे जायची वाट फक्त ओहोटीला उघडी पडते. रेवा बारा वर्षांची, तिचा धाकटा भाऊ ईशान नऊचा. त्यांचे आजोबा त्या दीपगृहाचे शेवटचे रखवालदार होते, एका रात्री दिवा विझला, जहाज खडकावर चढलं, ठपका आजोबांवर आला आणि तेव्हापासून ते त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. आणि आता, इतक्या वर्षांनी, एका रात्री तो दिवा पुन्हा लागलेला दिसतो.

यात रेवाला काय हवंय? "साहस" नकोय. आजोबांची चूक नव्हती हे तिला सिद्ध करायचंय. हा फरक फार मोठा आहे. नुसतं साहस करायला निघालेलं मूल तिसऱ्या भागात घरी परत आलं तरी वाचकाचं काही बिघडत नाही, पण आजोबांसाठी निघालेलं मूल मागे फिरलं तर आपल्याला लागतं.

आता घड्याळ. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जसं जास्त चढतं तसंच ओहोटीला जास्त आतही जातं, आणि अष्टमीच्या आसपास भांग असते तेव्हा पाणी फारसं हलतच नाही. म्हणजे आपल्या गोष्टीत ती वाट फक्त अमावस्या-पौर्णिमेच्या आजूबाजूच्या तीन-चार दिवसांतच पुरती उघडी पडणार, नंतर दहा-बारा दिवस बंद! बघा, मी काहीच रचलं नाही, समुद्रानेच कथानक दिलं. म्हणून सांगतो, जागा निवडलीत की तिची खरी माहिती काढा. गुहा असेल तर गुहेची, जंगल असेल तर जंगलाची. खऱ्या माहितीतून जी अडचण निघते ती मुलांना पटते, आणि ती मुलं नंतर स्वतः भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायला लागतात, हा आनंद वेगळाच.

नकाशा काढा, खरंच कागदावर काढा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ट्रेझर आयलंड या खजिन्याच्या कादंबरीची सुरुवात गोष्टीने झालीच नव्हती. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधे पावसाने घरात अडकलेला असताना तो आपल्या सावत्र मुलाबरोबर चित्रं रंगवत बसला होता, त्यात एका बेटाचा नकाशा निघाला, आणि त्या नकाशाकडे बघता बघता त्याला त्यातली माणसं दिसायला लागली. ही गोष्ट मुलांच्या साप्ताहिकात ऑक्टोबर १८८१ ते जानेवारी १८८२ अशी क्रमशः आली, पुस्तक १८८३ मधे.

तुम्हाला चित्रकला यायची गरज नाही. पुढच्या भागातला धोका कुठून येणार, कोण कुणाला दिसेल, पळायला किती वाटा आहेत हे सगळं नकाशावर आधीच दिसतं. दीपगृहाच्या जिन्याला किती पायऱ्या, खिडकी कुठल्या बाजूला, किनाऱ्यावरून आतला उजेड दिसतो का, हे मी आधी ठरवतो, कारण चौथ्या भागात खिडकी पूर्वेला आणि आठव्यात पश्चिमेला गेली तर पत्र येणारच आहे.

मग भागांचा तक्ता

शेवट आधी ठरवायचा. यावर लोक वाद घालतात, लिहिता लिहिता सापडेल म्हणतात, आणि अख्खं पुस्तक एकदम लिहून मग छापणाऱ्याला ते चालेलही, तो मागे जाऊन दुरुस्त करू शकतो. तुमचा पहिला भाग मात्र मुलांच्या हातात गेलेला असतो, तो परत घेता येत नाही. त्यामुळे दिवा का विझला, आज तो कोण लावतंय, ही दोन उत्तरं पहिली ओळ लिहायच्या आधी तुमच्या वहीत पाहिजेत. वाटा बदलल्या तरी चालतात.

तक्त्यासाठी इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची पद्धत मला सगळ्यात सोपी वाटते. त्याच्या बहुतेक कादंबऱ्या महिन्याला एक अशा भागांत यायच्या आणि तो बऱ्याच कादंबऱ्यांमधे प्रत्येक भागासाठी एक कागद करायचा, डाव्या अर्ध्या बाजूला स्वतःलाच विचारलेले प्रश्न, हे पात्र आत्ता आणायचं का, मग त्याच्यापुढे हो किंवा अजून नाही अशी उत्तरं, आणि उजव्या बाजूला त्या भागातली प्रकरणं. मी दहा भागांना दहा पानं करतो आणि त्यात अजून एक गोष्ट लिहितो: या भागाच्या शेवटी कुणाकडे काय सामान आहे, कुणाला कुठे लागलंय, कुणाला काय माहीत आहे. दोराच्या पत्रानंतर ही सवय लागली. ही जी वही होते ती गोष्टीइतकीच महत्त्वाची असते, तिच्याशिवाय सुरू करू नका.

एक भाग आतून कसा असतो

सुरुवात गेल्या वेळी जिथे सोडलं तिथूनच. "मागील भागात" म्हणून दोन-तीन ओळी द्या पण त्यात सगळी गोष्ट सांगत बसू नका, आजच्या भागाला लागेल तेवढंच द्या. मग पहिल्या पानातच गेल्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर. मधे मुलं काहीतरी करतात, त्यातलं काहीतरी फसतं, आणि त्या फसण्यातून काहीतरी नवीन हाती लागतं. प्रत्येक भागात गोष्ट एक पाऊल अशी पुढे गेली पाहिजे की ती मागे नेता येणार नाही. लिहून झालं की स्वतःला विचारा, हा भाग वगळला तर पुढचा समजेल का? समजत असेल तर तो भाग नुसता वेळ काढतोय, सरळ काढून टाका.

आणि मुलांनी करायचं, मोठ्यांनी नाही. हे सांगायला लागू नये पण मी नव्या लेखकांचं वाचतो तेव्हा दहापैकी निम्म्या गोष्टींत शेवटी काका नाही तर पोलीस येऊन सोडवतात. मोठ्यांना गोष्टीतून बाजूला ठेवायला खरं कारण द्या. आपल्या गोष्टीत आजोबांना विचारता येत नाही कारण ते त्या विषयावर उठून जातात, हेच कारण आहे आणि ते गोष्टीच्या गाभ्यातून आलंय. मोबाईलचंही तसंच, "रेंज नव्हती" एकदा चालतं, दर भागात रेंज गेली की मुलं हसतात. त्यापेक्षा फोन असू दे, पण फोन लावला तर आजोबांचं नाव पुन्हा गावभर होईल म्हणून रेवा लावत नाही, हे जास्त चांगलं, कारण आता तो तिचा निर्णय झाला आणि त्याचे परिणामही तिचेच.

क्रमशः कुठे लिहायचं

घोडं इथेच पेंड खातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नवीन माणसाला वाटतं की शेवटी कुणीतरी कड्याला लटकलं पाहिजे. एकदा लटकवा, हरकत नाही. पण सलग चार भाग कुणीतरी लटकतंय, बुडतंय, दार उघडतंय असं झालं की मुलांना कळून चुकतं की यांचं काही होत नाही, पुढच्या भागात सुटतातच, आणि भीती संपते. वाट बघायला लावणारं दुसरं पण खूप काही असतं. कळलेली एखादी गोष्ट, जिने आधीच्या सगळ्याचा अर्थ बदलतो. घ्यावा लागणारा निर्णय. नको त्या वेळी आलेलं माणूस. खोटं पकडलं जाणं.

आपल्याच गोष्टीत बघा. दुसऱ्या भागाचा शेवट: पाणी वाटेवर चढायला लागलंय आणि ईशानचा पाय खडकात अडकलाय. हा झाला धोका. तिसऱ्याचा: दीपगृहात त्यांना रोजच्या नोंदींची वही सापडते, त्या रात्रीचं पान फाडलेलं आहे. हा प्रश्न. चौथ्याचा: ते पान घरी आजोबांच्या पेटीत सापडतं. इथे कुणी बुडत नाहीये, कुणी पाठलाग करत नाहीये, रेवा एका खोलीत कागद हातात घेऊन उभी आहे, तरी माझ्या मते सगळ्यात जास्त वाट बघायला लावणारा शेवट हाच आहे, कारण आता प्रश्न असा झाला की आजोबा खरंच दोषी आहेत का, आणि तसं असेल तर रेवाला अजून ते कळायला हवंय का.

आता फसवणूक कशी होते ते. भागाच्या शेवटी दार करकरत उघडतं, काळी सावली पडते, रेवा किंचाळते, क्रमशः. पुढच्या भागात ती सावली मांजराची निघते. असं कधीही करू नका. मुलाने आठवडाभर त्या सावलीचा विचार केला, मित्राशी पैज लावली, आणि तुम्ही त्याला मांजर दिलंत. एकदा केलंत की पुढच्या वेळी तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही आणि तो विश्वास परत मिळत नाही. दुसरी फसवणूक म्हणजे दोन भागांच्या मधे गोष्ट गुपचूप बदलणं, मागच्या वेळी पाणी गळ्यापर्यंत होतं आणि आज उघडून बघितलं तर गुडघ्यापर्यंत. मुलं मागचा भाग काढून बघतात, खरंच बघतात.

माझा नियम असा की सुटका मुलांच्या स्वतःच्या करण्यातून आली पाहिजे आणि तिचं बी आधीच्या एखाद्या भागात पेरलेलं पाहिजे. ईशान पायातला बूट तसाच सोडून पाय बाहेर काढतो, चालेल, पण मग त्याचा बूट मोठ्या मापाचा आहे, रेवाचा जुना आहे, यावरून पहिल्या भागात दोघांचं भांडण झालेलं असू दे. तेव्हा ते नुसतं भांडण वाटतं, आणि दुसऱ्या भागानंतर आठवडाभर डोकं लावणाऱ्या एखाद्या मुलाला ते आठवतं आणि तो ओरडतो, बूट! त्या मुलासाठी लिहायचं. आणि बूट एकदा गेला की गेला, पुढच्या भागात त्याच्या एका पायात काही नाही हे वहीत लिहून ठेवा.

धोका खरा असू दे, पण सांभाळून

धोक्याचे परिणाम दाखवा. थंडी वाजते, हात सोलतात, चूक झाली तर दुसऱ्याला लागतं. आणि जे मूल घरी करून बघू शकेल, पाण्यात उडी मारणं, आग लावणं, उंचावर चढणं, ते सहज जमल्यासारखं लिहू नका. रेवा वाट ओलांडायच्या आधी वेळ मोजते, भाऊ मधेच थांबला म्हणून तिचं गणित चुकतं, आणि त्या चुकीची तिला पुढे कितीतरी भाग बोचणी लागते, असं लिहिलं की उपदेश न करता जे पोहोचायचं ते पोहोचतं. मारामारी आणि मृत्यू टाळलेच पाहिजेत असं मी मानत नाही, पण ते नुसता पुढचा भाग वाचायला लावण्यासाठी वापरू नका.

किती भाग लिहून झाल्यावर सुरू करायचं

किमान अर्धे, पहिल्या वेळी तर सगळेच लिहून घ्या असं मी म्हणेन. स्टीव्हन्सनने ट्रेझर आयलंडची पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं लिहिली आणि सोळाव्याला त्याची गाडी अडली, पुढचा एक शब्द सुचेना, आणि सुरुवातीच्या प्रकरणांची छपाईची प्रुफं तर येऊन पडलेली होती! पुढे हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधे दावोसला गेल्यावर ते सुटलं आणि रोज एक प्रकरण असं त्याने ते पुरं केलं. त्याला सुटलं. आपल्यालाही ऐन वेळी सुटेल याच्यावर मुलांना थांबवून ठेवू नका, आजारपण येतं, परीक्षा येतात, घरातली कामं येतात.

प्रत्येक भाग मोठ्याने वाचा, शक्यतो एखाद्या मुलासमोर. ते कुठे हलायला लागतं ते बघा, तिथे वर्णन लांबलंय. "कसं वाटलं" विचारू नका, छान म्हणतात. "पुढे काय होईल" विचारा. त्याच्याकडे दोन-तीन अंदाज असतील तर भाग जमलाय, काहीच अंदाज नसेल तर तुम्ही धागे पुरेसे दिलेले नाहीत, आणि एकच अंदाज असेल आणि तो बरोबर असेल तर जरा अवघड आहे.

मालिका चालू असताना मुलं लिहितात, सांगतात, भांडतात

सगळं वाचा. पण एखाद्याने गुन्हेगार ओळखला म्हणून गुन्हेगार बदलू नका, त्याने तुमचे धागे नीट वाचले म्हणून त्याला ते कळलं, त्याचं ते यश काढून घेऊ नका. बदल करायचा तो भर घालण्यात. एखादं दुय्यम पात्र मुलांना फार आवडलं तर त्याला अजून एक प्रसंग द्या.

वाचकांच्या म्हणण्यामुळे गोष्ट केवढी वाढू शकते त्याचं मोठं उदाहरण म्हणजे पिनोकिओ या लाकडी बाहुल्याची गोष्ट. कोल्लोदीने ती इटलीतल्या मुलांच्या साप्ताहिकात जुलै १८८१ मधे सुरू केली आणि ऑक्टोबरमधे पंधराव्या प्रकरणात पिनोकिओला झाडाला फाशी देऊन संपवूनच टाकली. वाचकांना ते सोसलं नाही, संपादकांनी गळ घातली, आणि फेब्रुवारी १८८२ मधे गोष्ट पुन्हा सुरू होऊन एकूण छत्तीस प्रकरणांची झाली. मला यात आवडतं ते असं की सोळाव्या प्रकरणात त्याला वाचवते ती निळ्या केसांची मुलगी, आणि ती पंधराव्यातच खिडकीत येऊन गेलेली होती. बाहेरून कुणी नवीन आणावं लागलं नाही. तुम्हाला कधी गोष्ट अचानक लांबवावी लागली तर नवीन माणूस आणायच्या आधी मागचे भाग काढून बघा, कुणीतरी खिडकीत उभं असतं.

वेळेचा एक सुंदर खेळ ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रदक्षिणेत झाला. ती पॅरिसच्या एका दैनिकात ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ अशी आली आणि गोष्टीतला प्रवासही शेवटचा भाग यायच्या आदल्याच दिवशी, २१ डिसेंबर १८७२ ला संपतो. तुमचे भाग येणार त्या दिवसांतली अमावस्या बघून रेवाची वाट त्याच आठवड्यात उघडी ठेवता आली तर नक्की ठेवा.

शेवटचा भाग

घाई करू नका. रहस्य नवव्या भागात फोडा, दहावा भाग नंतरचं सगळं सांगायला ठेवा. दिवा का विझला ते कळलं, आता रेवा आजोबांना काय सांगते, ते काय बोलतात, की बोलतच नाहीत आणि नुसते तिच्याबरोबर ओहोटीची वाट चालायला निघतात. मुलं दहा आठवडे या माणसांबरोबर राहिलेली असतात, त्यांना नीट निरोप घेऊ द्या. आणि पेरलेलं प्रत्येक बी बघा, उगवलं का. हो, ईशानचा बूटसुद्धा.

पुढे कधी पुस्तक करायची वेळ आली तर सगळे भाग एका बैठकीत वाचा, "मागील भागात" काढून टाका, वाट बघण्यासाठी केलेल्या पुनरावृत्ती काढा. आणि वही फेकू नका. स्टीव्हन्सनने पुस्तकासाठी पाठवलेला तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे पोहोचलाच नाही, मग त्याला स्वतःचंच पुस्तक पहिल्यापासून चाळून त्यातला प्रत्येक उल्लेख टिपून त्यावरून नकाशा नव्याने बनवायला लागला, आणि तो त्याला कधीच पहिल्यासारखा वाटला नाही. नकाशाचा एक फोटो काढून ठेवा, आजच.